लाकूड कुजू नये, पोखरलं जाऊ नये म्हणून: पाहणीपासून दुरुस्तीपर्यंत

दाराच्या चौकटीचा पाय जमिनीलगत हाताला मऊ लागला, की बहुतेक जण आधी औषधाचा डबा आणतात. ब्रशनं दोन हात मारतात, वर नवा रंग चढवतात आणि काम झालं असं समजतात. वर्षभरात त्याच जागी रंगाला फुगे येतात आणि या खेपेला बोट दाबलं की आत जातं. औषध वाईट होतं असं नाही. चौकटीच्या पायाशी पाणी मुरत होतं, ते तसंच मुरत राहिलं, आणि नव्या रंगानं त्याची बाहेर पडायची वाट तेवढी बंद केली.

म्हणून या लेखात औषध बरंच उशिरा येतं. त्याआधी पाहणी, मग रोगाची ओळख, मग पाण्याचा बंदोबस्त आणि वाळवण. हा क्रम पाळला तर कित्येकदा औषधाची गरजच उरत नाही.

लाकूड कशानं कुजतं

लाकूड वयानं कुजत नाही. तुतनखामेनच्या थडग्यातलं लाकडी सामान १९२२ मध्ये सापडलं तेव्हा ते तीन हजारांहून अधिक वर्षांचं होतं, आणि त्यातलं पुष्कळसं शाबूत होतं. १६२८ मध्ये बुडालेलं ‘वासा’ हे स्वीडिश जहाज १९६१ मध्ये समुद्रातून वर काढलं, तेव्हा त्याचा सांगाडा ३३३ वर्षांनंतरही उभा होता. थडग्यात पाणी नव्हतं, समुद्रतळाशी पुरेशी हवा नव्हती. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला पाणी, हवा, ऊब आणि खायला लाकूड ही चारही एकत्र लागतात. जमिनीत पुरलेला खांब म्हणूनच खोल मातीत किंवा वरच्या टोकाला कुजण्याआधी माती आणि हवा जिथे भेटतात तिथे कुजतो.

राहत्या घरात हवा आणि ऊब आपण काढून घेऊ शकत नाही. आपल्या हातात एकटं पाणी आहे.

इथे थोडे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. लाकडातलं पाणी त्याच्या पूर्ण वाळलेल्या वजनाच्या टक्क्यांत मोजतात. हे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी नव्यानं रुजत नाही. तिला खरी भरभराट हवी असेल तर ते २८–३० टक्क्यांच्या वर जावं लागतं. आता हवेचं पाहा: हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकूड साधारण १२ टक्क्यांवर स्थिरावतं, ८० टक्के असेल तर १६ च्या आसपास, आणि ९० टक्के असेल तेव्हा कुठे २० पर्यंत पोहोचतं. म्हणजे नुसत्या दमट हवेनं कपाटावर पांढरी-हिरवी बुरशी धरेल, वास येईल, दारं फुगतील. पण लाकूड आतून कुजायला खरंखुरं पाणी लागतं. कूज दिसली की गळती, झिरपा, उडणारे शिंतोडे किंवा गार पृष्ठभागावर साचणारं दव यांपैकी काहीतरी जवळपास आहेच, असं धरून शोधायला लागा.

आणखी एक गोष्ट. जिवंत झाडात पाणी ज्या नळ्यांतून मुळाकडून शेंड्याकडे चढतं, त्या नळ्या कापलेल्या टोकाला उघड्या राहतात. फळीच्या रुंद अंगापेक्षा तिचं कापलेलं टोक कितीतरी पटींनी वेगानं पाणी पितं. चौकटीचा पाय, दाराची खालची कड, भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक, खिडकीच्या कोपऱ्यातला सांधा या जागाच आधी का जातात, याचं उत्तर यात आहे.

पाहणी: एक टोच्या, एक टॉर्च, एक काळा कागद

दिवसा, सावकाश, एका टोकापासून सुरुवात करा. नजर लाकडावर फिरवण्याआधी पाण्याच्या वाटा पाहा: नळ, मोरी, बेसिनखालचा भाग, छपराची पन्हाळ, खिडकीचा खालचा काठ, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट. मग त्या वाटांवर येणारं प्रत्येक लाकूड तपासा.

टोच्या तिरका धरून लाकडात रोवा आणि उचकटून एक छोटं सालपट वर काढा. हे दडलेल्या जागी करा, दर्शनी भागावर नको. सालपट लांब, चिवट, कडकड आवाज करत निघालं तर लाकूड जिवंत आहे. ते आखूड तुकड्यात, आवाज न करता मोडलं तर वरून कितीही धडधाकट दिसो, आत कूज सुरू झाली आहे. सगळ्या परीक्षांमध्ये माझा सर्वात जास्त विश्वास या एकीवर आहे, कारण कुजीच्या सुरुवातीला रंग बदलण्याआधीच लाकडाचा चिवटपणा जातो. टोच्याच्या मुठीनं ठोकून आवाज ऐकण्याचाही उपयोग होतो, पण भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कळायला कान तयार व्हावा लागतो.

पिन टोचून ओल मोजणारं यंत्र मिळालं तर उत्तमच. एकाच जागी पुन्हा पुन्हा मोजा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा. एकट्या आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय, ते जास्त बोलकं असतं. लाकडात क्षार असतील किंवा आधी औषध मुरवलेलं असेल तर यंत्र ओल जास्त दाखवतं, हे ध्यानात ठेवा. यंत्र नसेल तर एक छोटा तुकडा कापून लगेच वजन करा, १०३ अंश सेल्सियसच्या आसपास भट्टीत वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा आणि पुन्हा वजन करा. तुकडा ११८ ग्रॅमचा १०० ग्रॅम झाला, तर ओल १८ टक्के.

हे नक्की काय झालंय?

इथे घाई केली की पुढचं सगळं चुकतं, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा.

वरवरची बुरशी आणि कूज या वेगळ्या गोष्टी आहेत. ओल्या फडक्यानं पुसली जाते ती वरवरची. ती लाकडाची ताकद कमी करत नाही, फक्त इथे हवा कोंडली आहे एवढं सांगते. साबणाच्या पाण्यानं पुसा, कोरडं करा, सामान भिंतीपासून हातभर पुढे ओढा.

खरी कूज दोन मुख्य रूपांत दिसते. पहिलीत लाकूड तपकिरी पडतं, आडव्या-उभ्या चिरा जाऊन त्याचे चौकोनी ठोकळे होतात आणि बोटांत चुरलं की भुकटी होते. यात बुरशीनं लाकडाचे तंतू खाल्लेले असतात आणि त्यांना बांधून ठेवणारा तपकिरी भाग मागे उरतो. दुसरीत लाकूड फिकट, स्पंजासारखं होतं आणि त्याचे दोरे सुटतात. पहिली जास्त घातक, कारण लाकडाचं वजन फारसं कमी होण्याआधीच ताकद निघून जाते. तुळई, जिन्याचा पट्टा किंवा छपराचा वासा असा भार घेणाऱ्या लाकडात ती दिसली तर आधी त्याला खालून टेकू द्या आणि जाणकार माणसाला बोलवा. हे काम एकट्यानं करू नका.

किडीची ओळख भुकटीवरून पटते. संशयित जागेखाली काळा कागद अंथरा आणि आठवडाभर हात लावू नका. मग जे पडेल ते भिंगाखाली पाहा.

मैद्यासारखी मऊ, बोटाला रेती न लागणारी भुकटी आणि एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं असतील तर ते भुकटी पाडणारे छोटे भुंगेरे. रुंद छिद्रांच्या पानझडी लाकडातला सालीलगतचा फिकट भाग ते खातात, कारण त्यात पिष्ट असतं. गाभ्याला ते सहसा शिवत नाहीत, आणि पाइन-देवदारसारख्या सूचिपर्णी लाकडाला तर नाहीच. त्यांचेच भाऊबंद बांबूला लागतात. जुन्या होत गेलेल्या लाकडात पिष्ट उरत नाही, म्हणून हा उपद्रव नव्या सामानात जास्त.

भोकं साधारण तेवढीच, पण भुकटी किंचित खरखरीत आणि भिंगाखाली लिंबाच्या आकाराचे बारीक दाणे दिसले, तर तो सामानातला नेहमीचा पोखरणारा भुंगेरा. त्याच्या अळ्या दोन ते पाच वर्षं आत राहतात. अंडाकृती, सहा ते दहा मिलिमीटरची मोठी भोकं सूचिपर्णी लाकडात असतील, तर लांब मिशांच्या भुंगेऱ्याचा संशय घ्या.

खसखशीसारखे, पण भिंगाखाली सहा बाजूंचे दिसणारे कोरडे दाणे ढिगानं पडत असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. तिला मातीशी संबंध लागत नाही, ती फर्निचरमध्येच संसार थाटते. आणि भिंतीवर पेन्सिलीएवढे रुंद मातीचे बोगदे चढताना दिसले तर ती जमिनीतली वाळवी. बोगदे पुसून टाकण्याआधी ते कुठून निघतात आणि कुठे शिरतात ते नीट पाहून घ्या, तोच तुमचा नकाशा.

आता भोकांबद्दल. भोक म्हणजे आत शिरायची वाट नव्हे, बाहेर पडायची. ते पाडून भुंगेरा निघून गेलेला असतो. कीड कधीच संपलेली असू शकते, किंवा आत आणखी अळ्या वर्षानुवर्षं चरत असू शकतात. एका जुन्या पेटीची सगळी भोकं मी लांबी (पुट्टी) भरून बुजवली, पॉलिश केलं आणि समाधान मानलं. पुढच्या उन्हाळ्यात पॉलिश फोडून नवी भोकं आली. तेव्हापासून मी आधी जुन्या भोकांवर पातळ कागद घट्ट चिकटवतो आणि वर्षभर थांबतो. कागद फुटला तर कीड जिवंत आहे. नाही फुटला तर कीड बहुधा संपलेली आहे, औषधाची घाई नको.

पाण्याची वाट तोडा

लेखातलं सर्वात महत्त्वाचं काम हे आहे, आणि त्याला औषधाच्या दुकानात काही मिळत नाही.

गळकी पन्हाळ, तडकलेली फरशी, बेसिनच्या कडेची सुटलेली पट्टी आधी दुरुस्त करा. बाहेरच्या मातीची पातळी लाकडापर्यंत चढली असेल तर ती खाली उतरवा. लाकूड आणि माती यांत वीतभर अंतर राहिलं की एकाच फटक्यात ओल, शिंतोडे आणि वाळवी या तिघांची वाट अवघड होते. खांब किंवा चौकटीचा पाय थेट काँक्रीटवर टेकवू नका. काँक्रीट खालून ओल ओढतं. मध्ये दगड, धातूची बैठक किंवा ओल अडवणारी पट्टी हवी. जपानमधलं होर्यू-जी मंदिर जगातल्या सर्वात जुन्या लाकडी इमारतींपैकी एक. त्याचे खांब दगडांवर उभे आहेत आणि छपराचे पाखे भिंतींच्या बरेच पुढे आलेले आहेत. ते तेराशे वर्षं टिकलं त्यामागे नियमित दुरुस्तीही आहे, पण पाणी दूर ठेवायची युक्ती मुळातच रचनेत आहे.

खिडकीचा बाहेरचा काठ आत नव्हे, बाहेर उतरता हवा. त्याच्या खालच्या अंगाला काठापासून थोडी आत एक बारीक खाच पाडली की पाणी उलटं सरकत भिंतीपर्यंत न जाता तिथेच ठिबकतं. भिंतीत शिरणाऱ्या तुळईच्या टोकाभोवती सिमेंट ठासू नका, बाजूंनी बोटभर हवा खेळू द्या. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातली वाफ बाहेर टाकणारा पंखा आंघोळ संपल्यावरही थोडा वेळ चालू ठेवा.

मग वाळू द्या. इथे धीर धरावा लागतो. पातळ फळीला काही आठवडे पुरतात, जाड चौकटीला महिने लागू शकतात. वाळवण्यासाठी गरम हवेचा झोत थेट मारू नका. बाहेरचा थर आक्रसतो, आतला ओलाच राहतो आणि लाकूड चिरतं. रंग किंवा वॉर्निश खरवडून लाकूड उघडं करा आणि साधा पंखा लावून ठेवा. जुना रंग शिशाचा असू शकतो, म्हणून कोरडा घासू नका. ओला करून घासा, मुखपट्टी लावा आणि मुलांना लांब ठेवा. यंत्रातला आकडा १८ च्या खाली उतरून तिथेच राहिला की पुढचं काम.

कुजलेला भाग काढणं

कुजलेलं लाकूड पुन्हा घट्ट होत नाही. पटाशीनं ते काढत जा आणि सालपटाची परीक्षा करत जा. चिवट लाकूड लागलं की तंतूंच्या दिशेनं आणखी वीतभर पुढे कापा, कारण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसणाऱ्या कुजीच्या पुढे गेलेले असतात. उभ्या चौकटीत काप आडवा न घेता तिरका घ्या, त्याचा उतार बाहेरच्या अंगाला ठेवा. सांध्यात पाणी गेलंच तर बाहेर वाहून जाईल, आत साचणार नाही.

जोडायचा तुकडा शक्यतो त्याच जातीचा, तंतू त्याच दिशेचे आणि मुख्य म्हणजे तितकाच वाळलेला असावा. ओला तुकडा बसवला तर तो नंतर आक्रसून फट पाडतो. साग असला तरी गाभ्याचा घ्या; कोणत्याही झाडाचा सालीलगतचा फिकट भाग टिकाऊ नसतो. खड्डा लहान असेल तर इपॉक्सीनं, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या राळेनं, भरता येतो, पण लाकूड पूर्ण कोरडं असेल तरच. ओल्या लाकडावर इपॉक्सी म्हणजे आतली ओल कोंडून वर झाकण लावणं. काढलेला चुरा घराजवळ पडू देऊ नका.

किडीचा बंदोबस्त

लहान वस्तू, म्हणजे मूर्ती, चौकट किंवा छोटी पेटी, विषाशिवाय वाचवता येते. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि उणे १८ ते उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. वस्तू एकदम थंड झाली पाहिजे. हळूहळू थंड झाली तर अळी थंडीला सरावते. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर लाकडावर दव जमेल. रंगवलेल्या, मुलामा दिलेल्या किंवा सरसानं जोडलेल्या जुन्या वस्तूंना हा उपाय करू नका.

उष्णतेनंही कीड मरते. मालवाहतुकीच्या लाकडी खोक्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे: लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सियस तापमान सलग ३० मिनिटं. काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उन्हात ठेवलं तर बाहेरचा भाग तापतो, पण जाड लाकडाचा गाभा तेवढा तापेलच असं नाही. तापमान मोजल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

जागच्या जागी असलेल्या लाकडासाठी मला बोरेट, म्हणजे बोरॅक्ससारखा बोरॉनचा क्षार, सर्वात जास्त पसंत आहे. वास नाही, रंग बदलत नाही, बुरशी आणि कीड दोन्हींवर चालतं. पाच टक्क्यांचं द्रावण असं: ९५० मिलिलीटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम बोरॅक्स आणि २० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड पूर्ण विरघळवा. ते उघड्या लाकडावरच लागतं. रंग, पॉलिश किंवा मेण असेल तर वरूनच ओघळून जातं. पहिला हात सुकायच्या आत दुसरा, मग तिसरा. कापलेल्या टोकांना आणि सांध्यांना लाकूड पिईल तेवढं पाजा. भोकांत बारीक सुईच्या सिरिंजनं घाला आणि डोळ्यांना चष्मा लावा, कारण एका भोकात घातलेलं दुसऱ्यातून उडतं.

बोरेटच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पाण्यात ते धुऊन जातं, म्हणून पाऊस लागणाऱ्या लाकडावर वरून चांगल्या रंगाचं कवच नसेल तर उपयोग नाही. ब्रशनं लावलेलं फार खोल जात नाही. आत खोल चरणारी अळी लगेच मरत नाही. नव्या पिढीला पाय रोवता येत नाही, एवढाच त्याचा खरा फायदा. म्हणून औषधानंतरही वर्षभर थोडी भुकटी पडू शकते. बोरेट पोटात जाणं घातक आहे. खाद्यपदार्थ ठेवायच्या फळ्या, पोळपाट, पाळणा यांना लावू नका, हातमोजे घाला, द्रावण मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागू देऊ नका, आणि गर्भवतीनं हे काम करू नये.

तांबं, क्रोम आणि आर्सेनिक एकत्र असलेलं औषध १९३३ मध्ये सोंटी कामेशन या भारतीय शास्त्रज्ञानं शोधलं, आणि दाब देऊन ते लाकडात खोलवर मुरवल्यामुळे जगभर लाखो खांब टिकले. पण आर्सेनिकमुळे अमेरिका आणि युरोपात २००४ पासून घरगुती वापरातून ते जवळपास हद्दपार झालं. जुन्या हिरवट लाकडावर असं औषध असू शकतं. ते कधीही जाळू नका.

रॉकेल किंवा गाडीचं वापरलेलं तेल फासायचा सल्ला अजूनही मिळतो. रॉकेल उडून जातं, संरक्षण उरत नाही आणि आगीचा धोका मात्र राहतो. वापरलेल्या तेलात धातूंचे आणि जळक्या तेलाचे विषारी अंश असतात. घरात दोन्ही नकोत.

जमिनीतली वाळवी मात्र लाकडावर औषध लावून थांबत नाही, तिचं घर मातीत आहे. कोरड्या लाकडातली वाळवी घरभर पसरली असेल, तर बंदिस्त जागेत विषारी वायू सोडावा लागतो. ही दोन्ही कामं परवानाधारक लोकांचीच. वायूनं असलेली कीड मरते, पण पुढचं संरक्षण काही मिळत नाही, हे त्यांना आधी विचारून घ्या.

शेवटचा हात

औषध सुकल्यावर रंग, वॉर्निश किंवा तेल. बाहेर रंग जास्त टिकतो, कारण तो ऊनही अडवतो. पारदर्शक वॉर्निश उन्हानं लवकर सोलपटतं. दार बिजागऱ्यांवरून उतरवून त्याची खालची आणि वरची कड रंगवायला विसरू नका. दिसत नाहीत म्हणून त्या कडा नेहमी कोऱ्या राहतात, आणि दार तिथूनच पाणी पितं.

जवसाचं तेल लावत असाल तर एक गोष्ट जीवावर बेतणारी आहे. तेल पुसलेली फडकी बोळा करून टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती बाहेर मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्यानं भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा.

मग दर वर्षी दोन फेऱ्या मारा: एक पावसाळ्याआधी, एक ओल उतरल्यावर. टोच्या, टॉर्च, काळा कागद आणि मागच्या वेळची वही बरोबर घ्या. रंगाला बारीक चीर गेलेली दिसली तर त्याच दिवशी भरा. त्या चिरेतून गेलेलं पाणी बाहेर पडायला महिने घेतं. चौकटीच्या पायाशी बोट दाबून पाहायला मात्र विसरू नका.